बोगद्याचं माप

बोरी अरबजवळ छोट्या रेल्वेखालच्या बोगद्यापाशी रेल्वेचा एक माणूस चुन्यानं खूण केलेला बांबू घेऊन उभा असायचा. ट्रकवरच्या कापसाची उंची मोजल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. मी जिनिंगचा तरुण मुनीम. "हट बाजूला," म्हणत मी ड्रायव्हरला ट्रक आत घालायला लावला आणि ट्रक कमानीत अडकला. मागं बैलगाडीत बाळंतपणाला निघालेली बाई कण्हत होती. चाकांची हवा सोडून बांबूवाल्यानं ट्रक मागं काढला, कमानीचा दगड अन् दगड ठोकून पाहिला, मगच बैलगाडी सोडली.

पुढच्या हंगामात मी आपणहून ट्रक थांबवला. त्यानं मला ओळखलं नाही.

"तुमच्यासारखे समजदार कमीच, भाऊ. मागल्या साली एका मुनीमानं इथं लय घोय केलता, ट्रक कमानीत अडकवलता. बाई मरता मरता वाचली."

"कोण होता तो?" मी विचारलं.