कोंड्याचा पहिलवान

देवानं मले अंग देल्लं रेड्याचं. अक्कल वाटायच्या टायमाले मी बहुतेक जेवत बसलो असन.

गोऱ्या सायबाले जाऊन चार-सहा वर्सं झाली होती. आमी जातीचे लोहार, पण आमच्या ब्रह्मपुरीकडं भाता कधीचाच थंडा पडला होता. मी धानगिरणीत कोंडा वाहत होतो. दोन बकऱ्या बसतीन एवढं टोपलं एका झटक्यात डोक्यावर घ्याचं, अन बाया पाह्यतेत का म्हणून खाकरायचं. थू त्या पहिलवानीवर!

खाली सिरोंच्याच्या वाटेवर, जंगलात, एका सोयऱ्याच्या घरी अजून भट्टी पेटत होती. पहाडातला काळा गोटा वितळवून लोखंड काढत. त्याइची पोरगी मी जत्रेत पाह्यली होती. त्या दिवसापासून मले जेवण गोड लागत नोतं. जेवत होतो दोघांचं, पण गोड लागत नोतं. तिथची रीत मात्र वायली. पाहुण्यानं भट्टीवर एक टोपलं गोटा वाहून दाखवाचा, मंग पोरगीनं हो-नाई बोलाचं.

बोलणी कराले गावचे गुरुजी संगं घेतले. बैलबंडीत मले एकच धास्ती.

"गुरुजी, पोरीले मंगळ असन तं?"

"अरे, मंगळाले काय भेतं? पृथ्वीच्या निम्मा रुंद तो, अन वजनानं दहावा हिस्सा."

"निम्मा रुंद तं वजनबी निम्मंच! तुमचा तराजू फुटला, गुरुजी."

"बैला, रुंदी निम्मी झाली का लांबी, उंचीबी निम्मीच होते. म्हणजे माल राह्यला आठवा हिस्सा. त्यात पृथ्वीच्या पोटात लोखंड ठासून भरलं आहे, मंगळाच्या पोटात तेवढं नाई, म्हणून आठव्याचा दहावा झाला. अन बुध पाह्य, सगळ्यात बुटका, पण आत लोखंडच लोखंड."

मी फिदीफिदी हासलो. ज्याले घरची म्हैस मोजता येत नाई, थो मले ग्रह मोजून देते!

भट्टीपाशी एक बुटका गडी भाता हाणून राह्यला होता. माह्या काखेत मावला असता.

"काऊन बे," मी म्हणलो, "तुले हवेनं उडू नाई म्हणून इथी बांधून ठेवलं का?"

थो भाता हाणतच राह्यला. मी गिरणीतल्यासारखं टोपलं काठोकाठ भरलं.

"पाहुणे, कमी भरा जी," पोरीचा बाप म्हणे.

"कमी? आणखी एखांदं असन तं आणा!"

बसलो, मुंडी खाली घातली, जोर लावला. टोपलं होतं तिथंच. पुन्ना जोर लावला तं धोतराची गाठ सुटली अन मी गोट्यावर तोंड घेऊन पडलो. टोपलं तरी जाग्यावरच.

बुटक्यानं अर्ध्याच्या वर गोटा खाली सांडला, उरलेलं डोक्यावर घेतलं अन भट्टीकडे चालता झाला. पोरगी त्याच्याकडेच पाहून राह्यली होती.

"बोल व माय," बाप म्हणे.

"टोपलं मोठं आहे, बाबा," थे माह्याकडे पाहून म्हणाली, "पण आत कोंडा आहे."

बंडी परतली. मी धोतराची गाठ धरून बसलो होतो. लय दूर आल्यावर इचारलं, "गुरुजी, त्या मंगळाच्या पोटात लोखंड काईच नाई का?"

"आहे रे, थोडंसं आहे."

"मंग थो माह्यापक्षा बरा."