तिसऱ्या पाळीचा बाक

रेव्हरंड कमलाकर रणनवरे यांना तीन महिन्यांची विसाव्याची रजा मिळाली, ती त्यांनी मंडळीला दिलेल्या एका आशीर्वादामुळे. आशीर्वादात खोट काहीच नव्हती. हात वर करून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात त्यांनी तो दिला. फक्त तो उपासनेच्या शेवटी द्यायचा असतो आणि पाळकसाहेबांनी पहिलं गीत संपल्यासंपल्या देऊन टाकला. सोलापूरची मंडळी मोठी आज्ञाधारक. अर्धे लोक ‘आमेन’ म्हणून उठले आणि घरी गेले. मंडळीचे सेक्रेटरी सगळ्यांत पुढे होते, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी मटण होतं. पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि रिकाम्या बाकांकडे असं काही पाहिलं, जणू लोकांनाच वेड लागलंय.

लोकांना काही झालं नव्हतं. झालं होतं ते पाळकसाहेबांना. त्यांची झोप गेली होती.

गेली ती बहात्तरच्या दुष्काळात. चर्चच्या आवारात मोठमोठ्या कढयांत सुकडी शिजायची, आणि फटफटायच्या आत फाटकाबाहेर रांग लागायची. रांगेतल्या पोरांचा आवाज ऐकू यावा म्हणून साहेब एक कान उघडा ठेवून पडायचे. पुढे पाऊस पडला, रांगा गेल्या, कढया माळ्यावर गेल्या, चौऱ्याहत्तर साल उजाडलं, तरी तो कान काही मिटेना. अंथरुणाला पाठ टेकली रे टेकली की मंडळीतला एकेक जण डोक्यात येऊन बसायचा. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा मुलगा गिरणीत कायम न होता बदलीवरच लटकलाय, कुणी सोडलेली दारू पुन्हा धरलीय. साहेब प्रत्येकाचं ऐकून घेत, मनातल्या मनात प्रत्येकाला चार गोष्टी सांगत, आणि तोवर दूधवाला यायचा.

या सगळ्याची त्यांना मनापासून लाज वाटे. लोकांना ‘तुमचा भार देवावर टाका’ असं सांगून पगार घेणारा माणूस, आणि त्यालाच स्वतःचा भार रात्रीपुरतासुद्धा खाली ठेववत नव्हता. पंचकमिटीने रजा दिली तेव्हा त्यांनी घरी येऊन बायकोला सांगून टाकलं, “सरोजिनी, रजा संपेपर्यंत झोप आली तर ठीक. नाही आली तर मी व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. राजीनामा देईन.”

“आणि मग काय कराल?” सरोजिनीबाईंनी विचारलं.

उपदेश सोडला तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं. साधी चहाची पूड घरात कुठल्या डब्यात असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

रजेची बातमी फुटली आणि मंडळीने पाळकसाहेबांना झोपवण्याचा चंग बांधला. कमिटीने बजावलं होतं की साहेबांना भेटून त्रास देऊ नये. त्यामुळे जो तो ‘त्रास द्यायला नाही आलो’ असं म्हणतच आत यायचा. कुणी जायफळ उगाळून आणलं. कुणी तळपायाला लावायला काशाची वाटी आणि तूप आणलं, आणि स्वतःच घासायला बसलं. सेक्रेटरींनी तर अंगावर वजन असलं की झोप लागते असं सांगून नवीकोरी जाड चादर भेट दिली. चादर सोलापुरी, महिना एप्रिल. साहेब ती पांघरून पडले आणि घामाने निथळत उठले. आलेल्यांनी जाता जाता घरातली एखादी अडचणही सांगितली, आणि रात्री साहेबांच्या डोक्यातल्या हजेरीत चार नावं वाढली.

शेवटी सरोजिनीबाईंनीच त्यांना दुधनीला पिटाळलं. तिथे मल्लप्पा नावाचे त्यांचे शाळेतले मित्र होते. तुरीचे व्यापारी, पक्के लिंगायत, गळ्यात लिंग, मनाने लोण्यासारखे. “हितं तुला कोन वळखत न्हाय,” मल्लप्पा म्हणाले. “खा, पी, आनि पड.” त्यांच्या आई चंद्रव्वा यांना मराठी येत नव्हतं. त्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढत, वर दह्याचा गोळा टाकत, आणि जेवण झालं की खाटेकडे बोट दाखवून दरडावत, “मलक्कोरी!” म्हणजे झोपा. साहेब लहान पोरासारखे आडवे होत आणि वासे मोजत.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मल्लप्पांच्या अडतीवर दोघा भावांची तुरीच्या वाटणीवरून जुंपली. साहेबांना राहवलं नाही. अर्ध्या मराठीत, अर्ध्या मोडक्या कानडीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी त्यांनी दोघांना बंधुप्रेमावर असा काही उपदेश केला की भाऊ गळ्यात पडून रडले. झालं! दुसऱ्या दिवशी मल्लप्पांच्या ओसरीवर सासू-सुनांची रांग. मल्लप्पांनी कपाळावर हात मारला. “कमळ्या, तुला विसावा मानवत न्हाय बघ. माणूस दिसला की तू त्याला सुधरायला घेतोस.” आणि त्यांनी साहेबांना पुढच्या गाडीने सोलापूरला परत धाडलं, सोबत पाच किलो तूरडाळ देऊन.

परत आल्यावर पहिला रविवार उजाडला. कमिटीने रजेपुरता, पाळक होऊ घातलेला एक तरुण उमेदवार आणला होता. साहेबांनी स्वच्छ धोतर नेसलं, कोट चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा साध्या माणसासारखे चर्चला गेले. दारातच अडचण उभी राहिली. बसायचं कुठे?

वीस वर्षं त्यांनी ही मंडळी समोरून पाहिली होती. बाकांवर कुणाची नावं नव्हती, पण प्रत्येक बाकाचा सातबारा ठरलेला होता. पुढचा बाक शिक्षकांचा, त्यामागचा दवाखान्यातल्या लोकांचा, मग रेल्वेवाले. डावीकडचे सगळे बायांचे. साहेब ज्या बाकाजवळ जात, तिथले लोक दचकून उभे राहत आणि सगळा बाक रिकामा करून देत. असे तीन बाक उठवून झाल्यावर साहेबांना घाम फुटला. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, “साहेब, हितं या की.”

तो होता तिसऱ्या पाळीचा बाक. शनिवारची रात्रपाळी करून सकाळी गिरणीतून सुटलेले लोक घरी जाऊन तोंड धूत, शर्ट बदलत आणि इथे येऊन बसत. बसत म्हणजे झोपत. साहेबांचा या बाकावर फार जुना राग. भर उपदेशात ते आवाज चढवून म्हणायचे, “एकनाथ, जागा आहेस का?” आणि सूतखात्यातला एकनाथ डोळे न उघडता म्हणायचा, “आमेन.” सगळं चर्च हसायचं, साहेब सोडून.

आत्ता हाक मारली होती ती एकनाथनेच. त्याने सरकून भिंतीकडची जागा मोकळी केली. “भितीला टेका. मान अवघडत न्हाय.”

“मी झोपायला आलेलो नाही,” साहेब ताठ बसत म्हणाले.

“आमी तरी कुटं झोपायला येतो? आपुआप लागती.”

पेटी वाजली, गीत झालं. बाकावरचे सगळे गीताला उभे राहिले, शेवटच्या ओळीला बसले आणि बसताबसताच एकेकाच्या माना खाली गेल्या. एकनाथ तेवढा अजून जागा होता, शेजारी पाहुणा आहे म्हणून. साहेबांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. वीस वर्षं मनात असलेला प्रश्न त्यांनी विचारून टाकला. “अरे, मग घरीच का झोपत नाहीस?”

“घरी?” एकनाथ कुजबुजला. “घरी पोरं हायती, नळावरची भांडणं हायती, बायकोची कामं हायती. समद्याला मीच लागतो. हितं मी कुनालाच लागत न्हाय. लई बरं वाटतं, साहेब. हितं कोनी हाक मारत न्हाय.” आणि थोडं थांबून, मन दुखू नये अशा बेताने तो म्हणाला, “तुमी मारायचा, तेवढंच.”

साहेबांना राग यायला हवा होता, पण आला तो हेवा. कुणालाच न लागणं म्हणजे काय, याची चव त्यांनी कधी घेतलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची भीती वाटत होती. आपण नसलो तर मंडळीचं कसं होईल, असं ते रोज रात्री म्हणत. आपण नसलो आणि मंडळीचं छान चाललं, तर आपलं कसं होईल, हे त्या म्हणण्याच्या पोटात होतं.

उमेदवार उपदेशाला उभा राहिला. पोरगा घाबरलेला. पहिला मुद्दा चुकला. साहेबांनी मनात दुरुस्त केला. दुसरा मुद्दा त्याने भलतीकडे नेला. साहेब तोही दुरुस्त करायला निघाले, आणि अर्ध्या वाटेत त्यांना वाटलं, जाऊ दे. आज हे माझं काम नाही. समोर एवढी डोकी होती, प्रत्येक डोक्यातली कटकट त्यांना पाठ होती, पण मागून पाहिल्यावर ती नुसती डोकी होती, तेल लावून चापून बसवलेली. पंखा कुरकुरत होता. एकनाथच्या अंगाला सुताचा आणि साबणाचा वास येत होता. साहेबांनी डोळे मिटले, ते फक्त प्रार्थनेला म्हणून.

डोळे उघडले तेव्हा चर्च रिकामं होतं. ऊन पूर्वेच्या खिडकीतून पश्चिमेच्या खिडकीत गेलं होतं. एकनाथच्या जागी, पुरुषांच्या बाकावर, सरोजिनीबाई बसलेल्या होत्या.

साहेबांना सगळं एकदम उमगलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. “मी घोरलो का?”

“घोरलात? पोराने उपदेश थांबवला. त्याला वाटलं बाहेर ट्रक आलाय.”

“अगं मग उठवायचं!”

“सेक्रेटरी येत होते उठवायला. तर एकनाथ उभा राहिला मध्ये. म्हणाला, दोन वर्षांनी डोळा लागलाय माणसाचा, हात लावून तर बघा. मग पेटी बंद केली. शेवटचं गीत लोक नुसते ओठांनी म्हणाले. चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले हो सगळे. पोरंसुद्धा.”

साहेब मान खाली घालून ऐकत होते. ज्या लोकांची काळजी वाहता वाहता त्यांची झोप गेली होती, ती सगळी माणसं आज त्यांची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत गेली होती. मंडळीचं त्यांच्यावाचून छान चाललं होतं, आणि त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं.

“पण तू तरी हलवायचं होतंस मला. जेवणाची वेळ टळली.”

“मला कुठली शुद्ध?” सरोजिनीबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. “सगळे गेले, म्हटलं जरा शेजारी टेकावं. टेकले तेवढंच आठवतंय. आत्ता तुम्ही हललात तेव्हा जाग आली.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चर्चमध्ये दोघं शेजारी कधी बसलीच नव्हती. हे व्यासपीठावर, त्या डावीकडे. इतक्या जवळून, उजेडात, त्यांनी बायकोचे डोळे कधी पाहिले होते हेही त्यांना आठवेना. डोळ्यांखाली काळं झालं होतं. चांगलं जुनं काळं होतं ते.

“सरोजिनी,” त्यांनी घाबरत विचारलं, “तुला कधीपासून झोप नाही?”

“तुम्हाला नाही तेव्हापासून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कूस बदलली की मला कळतं. आता बोलू नका जरा.” एवढं म्हणून त्यांनी साहेबांच्या कोटाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुन्हा झोपून गेल्या.

साहेब बसल्या जागी थिजले. सोलापुरातल्या घराघरांत जाऊन त्यांनी विचारपूस केली होती. दुधनीच्या सासू-सुनांचीसुद्धा केली होती.

थोड्या वेळाने दार करकरलं. रविवारी दुपारी महिला मंडळाची प्रार्थनासभा असे आणि ती सरोजिनीबाईच चालवत. शकुंतलाबाई पुढे आणि मागे बाकीच्या बाया, सगळ्या उंबऱ्यातच खिळल्या.

“बाईंना बरं नाही का?” शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं.

“बऱ्या आहेत,” साहेब खांदा न हलवता कुजबुजले. “झोपल्यात. आज सभा नाही.”

“मग कधी ठेवायची?”

आजवर असल्या प्रश्नाला पाळकसाहेबांकडे उत्तर तयार असे.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “त्या उठल्या की त्यांना विचारतो.”