भज्जीचा हरभरा आणि माझं भिंग

माझ्या शेतातलं रुंद पानाचं तण मी एका फवारणीत शंभर टक्के मारलं, आणि त्याबद्दल आजपर्यंत कुणीही माझं अभिनंदन केलेलं नाही.

मी बीडला एका कचेरीत आकडे जुळवतो. तेलगावला थोडी जमीन आहे, तिथं रविवारपुरता शेतकरी असतो. त्या साली कोवळ्या ज्वारीत तण माजलं. दुकानदारानं औषध पुढं केलं. "रुंद पानाचं मरतं, ज्वारीला काय बी होत न्हाई." पण मी तोंडी शब्दावर औषध मारणारा माणूस नाही! घरी येऊन अकरावीतल्या लेकीला, प्रज्ञाला, विचारलं.

"सोपं आहे पप्पा. पान उजेडात धरा. शिरा शेजारी-शेजारी सरळ गेल्या असतील तर एकदल. ज्वारी, ऊस वगैरे. शिरांची जाळी असेल तर द्विदल. हे औषध द्विदलावर चालतं."

इतका स्वच्छ नियम आमच्या कचेरीतही नाही! मी तिचं भिंग खिशात घातलं आणि रविवारी शेतात ओणवा झालो. एक पान : सरळ शिरा, ज्वारी. दुसरं : जाळी, तण! तिसरं : जाळी, तण! काही ठिकाणी तर तण ओळीनं उगवलं होतं. (इतकं शिस्तीचं तण पाहून मला कौतुकच वाटलं.) औषध मापानं घेतलं, थेंबही जास्त नाही, आणि फवारलं.

शेजारच्या शेतातून बाबूराव ओरडले, "साहेब, भिंगानं काय बघायलाव?"

"तुमच्या शेतात किती तण आहे ते!" मी म्हणालो. त्यांच्या शेतात खरंच रान माजलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, शेत आरशासारखं होणार. ती खूश झाली. ती लातूरकडची. तिकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस करतात, म्हणजे सगळं गणगोत शेतात जेवतं. जेवणात मुख्य भज्जी, म्हणजे हरभरा, वाल, वाटाणा, मेथी असं बरंच काही एकत्र शिजवून केलेली भाजी. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच भावाला बोलावलं होतं. "माझ्या शेतातली भज्जी खायला ये," असं फोनवर चारदा सांगितलं होतं.

येळवशीला मेहुणे जीप भरून आले. बायको टोपलं घेऊन ज्वारीत शिरली आणि तशीच बाहेर आली.

"अहो, माझा हरभरा कुठाय?"

"कुठला हरभरा?"

"ज्वारीच्या दोन ओळींमधल्या तासात पेरलता की! वाल, वाटाणा, मेथी, समदं! तुमाला सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं. मी तेव्हा औषधाचं प्रमाण काढत होतो.

प्रज्ञानं हळूच विचारलं, "पप्पा, भज्जीत जे जे पडतं ते सगळं द्विदल असतं. तुम्ही..."

मी मान डोलावली. ओळीनं उगवलेलं ते शिस्तीचं तण माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"दाजी," मेहुणे म्हणाले, "मग आमी काय ज्वारीची पानं चावावी का?" सगळे हसले. बायको हसली नाही. ती पदरानं रिकामं टोपलं पुसत राहिली. तेव्हा मात्र मला भिंगासकट जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात बांधावरून बाबूराव आले. "ताई, येळवशीला बांध नसतो बघा. आमच्यात हरभरा लई हाय. तण बी हाय, पण हरभरा बी हाय. चला, चूल एकच मांडू." त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेवढी दया पुरे होती. बायकोनं टोपलं उचललं आणि भावाला म्हणाली, "चल, माझ्या शेजाऱ्याच्या शेतातली भज्जी खा!" आता ती हसत होती.

मलाही काहीतरी भरपाई करायची होती. कुणी सांगायच्या आत बाबूरावांच्या शेतात घुसलो, भिंगानं एकेक पान तपासलं आणि हिरवीगार पेंढी आणून चुलीपाशी ठेवली.

"एकूण एक द्विदल!" मी म्हणालो.

बाबूरावांच्या बायकोनं पेंढी उलटून पाहिली. "भाऊ, हे समदं गाजरगवत हाय."

तेव्हापासून दर येळवशीला माझ्याकडं एकच काम असतं : आंबील ढवळणं. ती ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची असते. बायको म्हणते, ज्वारी तुमच्या हातून एकदा वाचलेली आहे, तिला सवय आहे.