पोत्याच्या कागदावर लिहलेलं खोटं

हे आताच सांगाव लागते. उद्यावर टाकलं तर माह्याच्यानं सांगनं होनार नाई. कैदेतून सुटून काल तुळशीरामबुवाले बाळापूरले घरी पोचवलं, आता अकोल्याले आलो, अजून चप्पलही नाई काढली अन् लिहायले बसलो.

पाकिस्तानाशी लढाई सुरू झाली तवा आमी दोघं एकाच मालबोटीवर. मी कारकून, बुवा बॉयलरवर आगवाला. कलकत्त्याहून आसामकडे पूर्व पाकिस्तानातल्या नदीनं जाऊन राहिलो होतो, तिथंच पाकिस्तानी शिपायायनं बोट धरली. आमी काही शिपाई नाई, तरी तीस जनायले तागाच्या गोदामात कोंडलं. चिठ्ठी नाई, पत्र नाई. आमी जित्ते का मेले, घरच्यायले ठाऊक नाई.

एक दाढीवाला पहारेकरी खिडकीबाहेर रेडिओ लावे. कोनाशी बोले नाई. अकोल्यात उर्दू कानावरून गेलेली, म्हनून मी खिडकीखाली उभा राहून बातम्या ऐकायचो, अन् सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर कोळशानं लिहून भिंतीवर लावायचो. ज्याले वाचता येत नाई त्याले वाचून दाखवायचो. खरं सांगतो, मानसं भातापेक्षा त्या कागदाची वाट पाहत. तो लागला का म्हनत, चला, आजचा दिवस खपला.

बुवाले एकच पोरगी, शेवंता. बायको मागंच वारली. शेवंताचं पहिलं बाळंतपन जवळ आलेलं. ते माहेरी व्हाव अन् बापानं जाऊन तिले आनाव, ही आपली रीत. बाप तर इथं. बुवानं जेवनच सोडलं.

मी म्हनलं, "काहून जेवत नाई? उपाशी मरून तिले आनाले जासान का?"

"पोरगी दारात वाट पाहून राहिली असन. मी कोन्या तोंडानं घास घेऊ?"

चौथ्या दिवशी त्याले उभं राहता येईना, तवा मी ते पाप केलं. कागदावर लिहलं, आठ दिवसांत सगळ्यायले सोडनार. रेडिओवर असं काहीच नव्हतं. बुवानं बोटं मोजली, म्हने, "मंग पोचतो मी," अन् भात मांगला. लोकायनं सदरे धुतले, एकमेकाच्या दाढ्या केल्या. मी मात्र आतून निरा सुकून राहिलो. रोज अमरावतीच्या अंबामायले म्हनायचो, माय, माहं खोटं खरं कर.

आठवा दिवस उजाडला. बुवा गाठोडं बांधून सकाळपासून दाराशी. दुपारी मले पाहवलं नाई. सगळ्यायसमोर सांगितलं का ती बातमी मी मनानंच लिहली. बिहारचा एक खलाशी म्हने, "वाह मुंशीजी, आप ही सरकार हो गए." बुवा भिंतीकडे तोंड करून निजला. ताट तसंच पडलं. मी कोळसा खाली ठेवला. म्हनलं, माय, मी हरलो. तुले जे सांगायचं ते आता तूच सांग.

संध्याकाळी खिडकीच्या गजात तो रेडिओ दिसला. दाढीवाल्यानं आत सरकवला, कलकत्त्याचं स्टेशन लावलं अन् आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. अडकलेल्यायच्या घरचे निरोप हिंदीत वाचून राहिले होते. पाच-सहा नावं गेली, अन् मंग आलं: बाळापूरचे तुळशीराम, तुमच्या शेवंताले शेजारचे मास्तर अन् त्यांची बायको गाडी जुंपून घेऊन आले, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, तुमी जेवत जा.

बुवा उठून बसला. "मास्तरनं आनली?" म्हने. मंग माह्याकडे वळून, "नात झाली लेका मले, अन् तू तोंड पाडून कायले बसला? आन ते ताट."

पहारेकऱ्यानं काहून रेडिओ दिला, आमचं बोलनं त्याले समजलं होतं का, मले ठाऊक नाई. त्याचं नावही इचारलं नाई, याची खंत वाटते.

सुटाले पुढं लय दिवस लागले. मी पुन्हा कागद लिहला, पन ऐकलं तेवढाच. जे ऐकू नाई आलं तिथं कोरी जागा. भेव वाटे का लोकं रागावतील. कोनी नाई रागावलं. त्या जागेकडे पाहून बसत, जसं देवळात बसते मानूस. मले वाटे सगळ्यायचा धीर मी एकटाच धरून आहो. ते ओझं मले कोनी देल्लंच नव्हतं. ज्या दिवशी खाली ठेवलं त्याच दिवशी मायनं उचललं.

तुमच्या बाबतीत झालं का असं? तुमी हात टेकले, मांगनंही सोडलं, अन् तवाच कोन्या अनोळख्यानं येऊन खिडकी उघडली?