डिपरचं बटण

पेडल म्हटलं की माझ्या माहेरच्यांना अजून सायकलच आठवते. किती समजावलं तरी भाऊ विचारतोच, "मग ते चालवतात कुठं?" म्हणून इथं आधीच सांगून टाकते. गिटारचा पेडल म्हणजे जमिनीवर ठेवायचा पत्र्याचा डबा. गिटारची वायर एका बाजूनं त्यात शिरते, दुसऱ्या बाजूनं स्पीकरकडं निघते. मधे आवाज फाटतो, घुमतो नाहीतर लांबतो, जसं आतलं सर्किट असेल तसं. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून डब्यावर एक बटण, ते पायानं दाबायचं. एकदा दाबलं की घुमणं चालू, पुन्हा दाबलं की बंद. या एवढ्याशा बटणानं माझं डोकं इतकं खाल्लंय की तेवढं सासूनंही खाल्लं नसेल.

आमचे हे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दिवसा कापडाच्या दुकानात, संध्याकाळी गणपती, नवरात्र, जयंती, कुणाची हळद. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत दिवसभर बोर्डांवर सोल्डरिंग करायची. तयार परदेशी पेडल आम्हाला परवडणारा नव्हता. मी म्हटलं, त्यात असतं काय एवढं? कुणाचा तरी जुना उघडून पाहिला आणि हसूच आलं. आमच्या कंपनीतली नवी पोरगीसुद्धा जेवायच्या सुट्टीत जोडेल असं काम. मग मी घरीच करायला लागले. डबा जुन्या बाजारातला, सुटे भाग पैठण गेटकडच्या दुकानातले. आवाज असा यायचा की ऑर्केस्ट्राचा मालकसुद्धा वळून बघायचा.

अडायचं ते बटणापाशी. पहिलं मी टेबललॅम्पचं लावलं, ते एका आरतीत पिचलं. टेपरेकॉर्डरमधलं काढून लावलं, त्याची दांडीच वाकली. मग मुंबईहून निळ्या प्लास्टिकचं, नऊ पायांचं, म्हणजे वायर जोडायला खाली नऊ टोकं असलेलं मागवलं. ते भलतंच नाजूक. सोल्डरिंग करताना हात जरा रेंगाळला की आतून वितळायचं, बाहेरून मात्र नवं कोरं. त्यातही मी शिकले. एक पाय जोडायचा, थांबायचं, फुंकर मारायची, मग दुसरा. टिकेल असं आणि मेलं तर जिवाला लागणार नाही एवढ्या भावाचं, हे दोन्ही एका बटणात सापडायला मला लई दिवस लागले. पण सापडलं. कंपनीचे जाड बूट घालून मी ते टीव्ही बघता बघता खटाखट दाबत बसायची. एकही दाब वाया जायचा नाही.

आणि मग यांची कुरकुर सुरू झाली.

"बटण मऊ आहे. लागलं का नाय तेच कळत नाही."

मी डबा उघडला, तपासला. ठणठणीत. पण पुढच्या कार्यक्रमात गायिका दोन शब्द बोलायला थांबली आणि गिटार आपली घुमतेच आहे. यांना वाटलं बंद केलं, झालंच नव्हतं. मालकानं सगळ्यांसमोर यांना हात जोडले. त्याच सुमाराला एक कीबोर्डवाला आला होता, त्याच्या कीबोर्डमधे गिटारचाही आवाज होता. असं दोन-तीनदा झालं असतं तर यांची स्टेजवरची जागा गेली असती, हे मला दिसत होतं आणि यांनाही. दुकानात हे दिवसभर खाली मान घालून कापड मोजत. मान वर असायची ती फक्त स्टेजवर. ती जागा गेल्यावर घरात जो माणूस उरेल त्याची मला धास्ती वाटायची.

मी बटण बदललं. "हेही मऊ." पुन्हा बदललं. "हे तर दाबल्यासारखंच वाटत नाही." तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं. कंपनी मला पगार देते ती उगीच का?" हे उठून गिटारच्या तारा पुसायला लागले. रुसले की असंच करतात.

आमच्याकडच्या स्टेजवर कुणी चप्पल घालून चढत नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. कोपऱ्यात देवाची मूर्ती असते, नाहीतर हार घातलेला फोटो. चपला पायऱ्यांपाशी काढायच्या. ढोलकीवाला असो, निवेदक असो, इंग्रजी गाणं म्हणणारा असो, सगळे अनवाणी. त्यामुळं यांचा पेडल कायम उघड्या पायानं दाबला जायचा, अंगठ्याच्या मागच्या गादीनं. ही बटणं बुटासाठी बनवलेली असतात. मला ते माहीत होतं, पण कडक बटण पायाला टोचेल एवढीच काळजी मी करत होते. आणि हे तर म्हणत होते, अजून कडक दे.

तसं कडक बटण मला गंगापूरच्या जीपमधे सापडलं. मावशीकडं चालले होते, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलेली. दिवस मावळत होता. समोरून ट्रक आला की ड्रायव्हर डाव्या पायानं खाली काहीतरी दाबायचा, खट्, आणि दिव्याचा झोत खाली यायचा. वाकून पाहिलं तर क्लचच्या बाजूला लोखंडी बटण. मी विचारलं तर म्हणाला, "डिपर है बाजी. गाडी भंगार में जाती, पर इसको कुछ नहीं होता." मावशीकडं माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मोंढा नाक्याकडच्या जुन्या मोटरपार्टच्या दुकानात जाऊन तसली तीन बटणं घेतली, निळ्याच्या निम्म्या भावात. टोकं तीनच, म्हणून सर्किट थोडं फिरवावं लागलं. स्प्रिंग अशी की हाताच्या अंगठ्यानं मला दाबताच येईना.

हे मात्र खूश. "आता कळतंय. गुडघ्यापर्यंत कळतंय."

मी हसले. म्हटलं, ट्रक चालवताय का गिटार वाजवताय?

ते वर्ष बरं गेलं. डिपरनं एकदाही दगा दिला नाही. कीबोर्डवाला त्याच्या कीबोर्डपुरता राहिला. कार्यक्रमानंतर सकाळी पेडल पुसायचं काम माझं. स्टेजवर गुलाल उधळतातच, वायरींना, डब्याला, सगळीकडं चिकटतो. बटणाभोवती लालसर किटण साचायचं, ते मी ओल्या फडक्यानं काढायची आणि फडकं धुवायला टाकायची.

देवगाव रंगारीच्या कार्यक्रमानंतरची सकाळ. हे पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होते, मी खाली बसून डबा पुसत होते. फडक्यावरचा लाल रंग पाण्यात विरघळेना. गुलाल असा वागत नाही. मी मान वर केली आणि समोर यांचा तळपाय. अंगठ्याच्या मागं, बरोबर बटणाच्या मापाचं गोल भोक. कडा पांढऱ्या, आत ओलं.

"काय झालं? तोंड का असं केलंस?" पेपरच्या वरून विचारतात.

मी बोट ठेवलं. जखमेवरच ठेवलं.

"दुखतं का?"

"काय दुखतं?"

शुगर होती यांना, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गोळ्या घ्यायचे, आठवतील तेव्हा. साखरेचा चहा सोडून गुळाचा धरला होता, गुळाला काय होतंय म्हणून. त्या सकाळी मी इतकं बोलले त्यांना, इतकं बोलले, आणि शेवटी स्वतःच रडत बसले. हे वाकून, पाय उलटा करून स्वतःचा तळवा बघायचा प्रयत्न करत होते. पोटामुळं दिसत नव्हता.

डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितले. हातात मासे धरायच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा धागा होता. म्हणाले, "पायाला लागला की 'हो' म्हणा." धागा टाचेला टेकला, वाकला. हे गप्प. अंगठ्याला टेकला. गप्प. बोटांना, कडेला, मधोमध. यांच्या कपाळावर घाम आला होता, परीक्षेला बसल्यासारखा. मग डॉक्टर हात मागं घेऊन कागदावर काही लिहायला लागले, आणि हे मोठ्यानं म्हणाले, "हो."

मी खिडकीकडं तोंड केलं. एकही बटण मऊ नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. खुर्चीतून उठून कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि मारण्यासारखं तिथं कुणी नव्हतं.

अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला. कित्येक महिने हे घरात बसून होते, कीबोर्डवाल्यानं तोवर गिटारही सांभाळली. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा. मऊ तळाची, मागं पट्टा असलेली खास चप्पल दिली. पुन्हा जखम झाली तर पाऊलच कापावं लागेल, असं स्पष्ट बोलले.

मी नवा डबा केला. डिपर तेच, पण वर बिजागरीनं रुंद फळी बसवली, चपलेसकट पाय टाकला तरी दाबलं जाईल अशी. आणि मोठा लाल दिवा लावला. पायानं सांगायचं ते आता डोळ्यानं बघायचं होतं. मालक भला माणूस, म्हणाला, एक गाणं तरी वाजवू द्या यांना, जागा त्यांचीच आहे.

हेच अडून बसले. "चप्पल घालून देवासमोर मी चढणार नाय."

"देवाला चालंल."

"मला नाय चालत."

त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस. मी म्हटलं, मग बसा घरी, मला काय. दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा चपलेचं सांगायला लागले, हात जोडले, शिव्या घातल्या. शेवटी हे नवरात्रात सिडकोतल्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला तयार झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः सांगितलं, काका, खुशाल या चपलेसकट. तरी हे रिक्षात तोंड फिरवून बसले होते. चपलेचा मागचा पट्टा यांनी लावलाच नव्हता, रागानं का लाजेनं कुणास ठाऊक. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पायऱ्यांपाशी सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. हे त्याच्याकडं न बघता वर चढले. मी खाली, पेडलची पिशवी घेऊन मागं. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर उजव्या पायातली चप्पल निसटली आणि तिथंच राहिली. हे चढतच गेले. थांबले नाहीत, मागं बघितलं नाही, पाऊल चाचपलंसुद्धा नाही. देवीपुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही कान धरले, ओठ हलत होते. चप्पल घालून आलोय, माफ कर, म्हणत असणार. उजवा पाय उघडा होता, मांडवाच्या खडबडीत फळीवर टेकलेला, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी चप्पल उचलली. हाक मारली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं. तशीच वर गेले, यांच्या पायाशी बसले, पाऊल उचलून चप्पल घातली आणि पट्टा आवळला. लोकांना वाटलं असेल, बाई नवऱ्याच्या पाया पडतेय.

हे कान सोडून खाली बघत होते.

"कधीची निघाली?" एवढंच विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "वाजवा आता."