डावीकडचा खालचा कोपरा

त्रिकोणमितीच्या युनिटचा आराखडा मी दोन दिवसांत पुरा केला होता. आधी काटकोन त्रिकोणाची उजळणी, एक तास. मग साइन, कॉस, टॅन. शेवटी शाळेच्या पाण्याच्या टाकीची उंची मोजायची. पंधरा वर्षं तारनाक्याच्या या शाळेत दहावीला गणित शिकवत असल्यामुळे हात सरावलेला होता. फक्त सुरुवातीला एक छोटी चाचणी जोडा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, म्हणून एका कागदावर सहा काटकोन त्रिकोण काढले. जागा पुरेना, म्हणून काही आडवे-तिरपे बसवले. प्रश्न एकच: काटकोनावर खूण करा.

स्टाफरूममध्ये कागद तपासायला घेतले आणि तिसऱ्याच कागदाला माझा हात थांबला. मग सगळा गठ्ठा चाळला. चार-पाच मुलं सोडली, तर बाकीच्यांनी प्रत्येक त्रिकोणात डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर खूण केली होती. कोपरा सुईसारखा टोकदार असला तरी तिथेच! चेष्टा केली असेल, असं आधी वाटलं. पण त्यात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीचाही कागद होता. दिलसुखनगरला क्लासला जाणारी ही मुलगी. साइन-कॉसच्या किमती तिला आत्ताच तोंडपाठ होत्या.

मी तिला बोलावलं. कर्ण जमिनीला टेकलेला आणि काटकोन माथ्यावर असलेला त्रिकोण तिच्यापुढे ठेवला.

"यात काटकोन कुठे आहे?"

तिने न अडखळता डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथेच का गं?"

"काटकोन नीचेच रहता ना, मॅडम," ती तिच्या घरच्या दखनीत म्हणाली. "आप बोर्ड पो हमेशा वहींच निकालते."

आठवीपासून हा वर्ग माझ्याच हाताखाली होता. मी मोबाइलमधले फळ्याचे जुने फोटो काढले, मग माझ्या टाचणवह्या. पानामागून पान उलटलं. एकूण एक त्रिकोण तसाच उभा, काटकोन डावीकडे खाली. एकही वेगळा नाही. शेजारी बसलेले सर म्हणाले, "मॅडम, पेपरात पण तसाच येतो. कशाला जिवाला लावून घेता?" मी पुढची वही उघडली.

आराखड्याची पहिली पानं मी फाडली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "चूक तुमची नाही, माझी झाली." मुलं एकमेकांकडे पाहू लागली. शिक्षकाने चूक कबूल करणं त्यांना नवीन असावं. मग प्रत्येकाला वहीचं पान दिलं. पानाचा कोपरा कोनावर ठेवा. नेमका बसला तर तो काटकोन. ती मुलगी कालच्याच त्रिकोणावर पानाचा कोपरा आधी खाली ठेवून पाहू लागली. बसेना. माथ्यावर ठेवला, तेव्हा बसला.

"अय्यो, मॅडम!" ती ओरडली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

तीन तास आम्ही नुसते त्रिकोण कापले आणि फिरवले. साइनचं नाव चौथ्या दिवशी निघालं. टाकी मोजायला तर पुढचा आठवडा उजाडला.

युनिट लांबल्याचं कारण मुख्याध्यापिकाबाईंनी लेखी मागितलं. मी लिहिलं, "काटकोन शिकवायचा राहून गेला होता." त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.