वारा येतो त्या बाजूने

मी वारा येतो त्या बाजूने राब पेटवला.

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला एवढं वाक्य पुरे. तो आत्ताच हसायला लागला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो आम्ही उन्हाळ्यात भाजून घेतो. शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर अंथरायचे, वरून माती भुरभुरायची आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावायची. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध, रवंथ करत असल्यासारखी सावकाश मागे सरकते आणि खालची जमीन नीट भाजते. दुसऱ्या टोकाला लावली तर ती वरचं गवत चाटते आणि पळत सुटते. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला कळतं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

बरं, मी विसरलो होतो असंही नाही. चांगला विचार करून केलं. रीतीप्रमाणे लावायचा तर धुरात उभं राहावं लागतं, आणि धुरात उभं राहायची माझी सोय संपली होती.

खोकला जुनाच होता. मुरबाडच्या बाजारात गेलो की लाल औषधाची बाटली आणायची आणि धुळीवर ढकलून मोकळं व्हायचं. पण त्या वर्षी भातसानगरला, जिथे मी धरणाच्या कामावर होतो, वसाहतीचा चढ मला एका दमात चढवेना. मधेच थांबायचो आणि मागच्याला संशय नको म्हणून वाकून चपलेचा अंगठा बघायचो. त्या दिवाळीत माझ्या चपलेचा अंगठा फारच वेळा तुटला.

शेवटी शहापूरचा डॉक्टर गाठला. माझ्या पुतण्याच्या वयाचा. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला, जणू आत कुणी गात होतं. मग म्हणाला, "दमा आहे. पंप घ्यावा लागेल." आणि तिथेच घेऊन दाखवायला लावला. मी फवारा तोंडात मारला, तोंड मिटलं आणि गटकन गिळला.

"काका, तीर्थ नाही ते. आत ओढायचंय."

मी परत ओढला. जमलं. "धुरापासून लांब राहा," तो म्हणाला. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

एसटीची वाट बघताना चहाच्या टपरीवर ओळखीचा एक भेटला. त्याने माझ्या हातातली पंपाची पुडी पाहिली. "पंप? मंग संपलं रे. लागला का सुटत नाय, मरेपरत." एवढं बोलून माझ्याच चहात पाव बुडवून खाल्ला त्याने.

गावी घरी मी कुणाला बोललो नाही. दादाचे, म्हणजे थोरल्या भावाचे, गुडघे गेल्यापासून राब पेटवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मीही गळालो असं त्याला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी शेत अर्धेलीने, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, लावलं असतं. दुसरा माणूस आमच्या शेतात उतरणार, आम्ही बांधावर बसून बघणार. ते मला नको होतं. म्हणून गोठ्यामागे भिंतीकडे तोंड करून पंप घ्यायचो. बायकोला वाटलं, हा चोरून बिडी ओढतो. मी नाही म्हटलं नाही. बिडी म्हणजे निदान तरण्या माणसाची खोड!

तर काडी लावली आणि मी आगीच्या मागे, स्वच्छ हवेत, हुशार माणसासारखा उभा राहिलो. क्षणभरच. वारा वाढला. आगीने राब ओलांडला, बांधाचं वाळकं गवत धरलं आणि दादाच्या गोठ्याकडे वळली. आत म्हैस बांधलेली. धूर शिरला तशी ती वरडायला लागली.

"अरे दावं सोड! दावं सोड आधी!" दादा काठी टेकत येत होता. सगळ्यांत जवळ मीच होतो.

मी धावलो. म्हणजे धावायला निघालो. अर्ध्या वाटेत छाती आवळली. हवा आत जात होती पण बाहेर यायला तयार नव्हती. काठोकाठ भरलेल्या हंड्यात वरून आणखी पाणी ओतत राहावं तसं. खिशात हात होता, मुठीत पंप होता. आणि शेजारच्या शेतांतून माणसं धावत येत होती, दादा माझ्याकडेच बघत होता, म्हणून मी तो बाहेर काढेना. म्हैस वरडत होती आणि मी चपलेकडे बघत होतो.

बायको कोयता घेऊन आत घुसली. दावं तोडून म्हशीमागोमाग बाहेर आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. लोकांनी ओल्या टहाळांनी आग झोडून विझवली, गोठ्याची एक बाजू गेली. मी तोवर गुडघ्यांवर आलो होतो, ओठ निळे पडले होते म्हणतात. ती तशीच माझ्याकडे आली आणि चांगल्या हाताने माझी मूठ खिशातून ओढून काढली.

"ह्या काय हाय?"

मला बोलता येत नव्हतं. सगळ्यांसमोर पंप तोंडाला लावला. पहिला फवारा वाया गेला. दुसरा लागला. हळूहळू छातीतली शिट्टी उतरली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. वहिनी बायकोच्या हातावर पाणी ओतत होती आणि ती दात आवळून बसली होती. तिच्याकडे बघवेना.

दादा माझ्या शेजारी बसला. आता शेताचं बोलणार असं मला वाटलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

त्याने काठी जळलेल्या गोठ्याकडे केली.

"म्हशीला धूर लागला तं ती वरडली तरी," तो म्हणाला. "तुला तेवढी पण अक्कल नाय रे."